हजची टोपी आणि शरियत

प्रश्न : इंडोनेशियातल्या बुगिस समाजाच्या बायका हजहून परतताना भरजरी कपडे आणि अंगभर सोनं घालून विमानातून उतरतात, असं पाहिलं. यात्रा एवढ्या साधेपणाची आणि परतणं असं थाटाचं! इस्लामी कायद्याला हे चालतं का?

उत्तर : बुगिस लोक दक्षिण सुलावेसीचे. तुम्ही पाहिलेल्या थाटाआधी त्यांच्यात 'मप्पातोप्पो' नावाचा विधी होतो. हजचे विधी उरकले, की एखादा शेख पुरुषाच्या डोक्यावर पांढरी टोपी आणि बाईच्या डोक्यावर नक्षीदार शिरोवस्त्र चढवून दुआ मागतो. गावी 'हाजी' म्हणून मान मिळतो, तो या टोपीसकट. या पदवीचं वजन सगळ्या इंडोनेशियात इतकं होतं, की परतलेल्यांची परीक्षा घेऊन मगच पदवी आणि पोशाख वापरू द्यायचा, असा नियम तिथल्या डच वसाहत सरकारने १८५९ मध्ये केला.

आता कायदा. एहराममध्ये, म्हणजे हजच्या व्रतस्थ अवस्थेत, पुरुषाला डोकं झाकायला मनाई असते. केस कापून एहराम सुटला की ती उठते. टोपी त्यानंतर चढते, म्हणून हजला बाधा येत नाही. मात्र ती हजचा भागही नाही. टोपीविना हज अपुरी, असं कुणी मानू लागलं तर आलिम म्हणजे धर्मपंडित हरकत घेतात, कारण इबादतीत आपल्या मनाने भर घालता येत नाही.

एरवी शरियतला छेद न देणारी रूढी, म्हणजे 'उर्फ', फिक्हला (इस्लामी कायदेशास्त्राला) मान्य आहे. बुगिसांना ही सांगड जुनीच. सतराव्या शतकाच्या आरंभी इस्लाम स्वीकारल्यावर त्यांनी 'पंगादेरेंग' या आपल्या रीतिव्यवस्थेत शरियतला जागा करून दिली. हजहून परतल्यावर लोकांना जेवण घालतात, त्याला तर थेट आधार आहे. प्रवासाहून मदिनेला आल्यावर पैगंबरांनी जनावर कापून लोकांना जेवू घातल्याचं हदीसमध्ये येतं. बुगिस ज्या शाफिई पंथाचे (आपले कोकणी मुसलमानही त्याच पंथाचे), त्यात हे जेवण चांगलं मानलं आहे.

उरलं सोनं. ते बायकांना हलाल आहे. आक्षेप येतो तो 'रिया' म्हणजे दिखावा, 'इस्राफ' म्हणजे उधळपट्टी आणि परपुरुषांपुढे शृंगार मिरवणं यांवर. हज मुळात ऐपत असणाऱ्यावरच फर्ज. तेव्हा परतीच्या थाटासाठी कर्ज काढणं तर उफराटंच. मनातला दिखावा काजीला तपासता येत नाही, खर्च मात्र सगळ्यांना दिसतो. म्हणून आलिमांचा रोख टोपीपेक्षा खर्चावर अधिक असतो.