पक्षाघात : ओळखा आणि टाळा

पुढील प्रसंग डोळ्यांसमोर आणा. सकाळची वेळ आहे. दादी चहा पीत बसल्या आहेत. अचानक त्यांच्या उजव्या हातातून कप खाली पडतो. तोंड एका बाजूला वाकडे होते. त्या काही सांगू पाहतात; पण शब्द नीट उमटत नाहीत. घरातील कोणी म्हणते, "थकल्या असतील, जरा झोपू द्या." कोणी झाडफूक करणाऱ्याला बोलवायला निघते. असा मोलाचा वेळ निघून जातो.

हा पक्षाघात होय. आपल्या भागात त्याला लकवा म्हणतात. मेंदूला रक्त पुरवणारी रक्तवाहिनी गुठळीमुळे बंद होते किंवा फुटते. रक्त न मिळाल्याने मेंदूच्या पेशी काही मिनिटांतच मरू लागतात. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली, तर शरीराची उजवी बाजू लुळी पडते.

हा शहरातील श्रीमंतांचा आजार आहे, असे पुष्कळांना वाटते. तो समज खरा नाही. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेल्या 'सर्च' या संस्थेने शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळात मृत्यूंच्या कारणांचा अभ्यास केला. एकूण १५९९ मृत्यूंपैकी २२९ मृत्यू पक्षाघाताने झाले होते. म्हणजे दर सात मृत्यूंमागे एक! इतर कोणत्याही कारणाने इतके मृत्यू झाले नव्हते. त्यांतील बहुतेक रुग्ण घरीच दगावले.

आफ्रिकेतील नायजेरिया व घाना या देशांतही पक्षाघाताच्या कारणांचा शोध घेतला गेला. २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उच्च रक्तदाब हे सर्वांत मोठे कारण ठरले. जेवताना वरून मीठ घेणे आणि पालेभाज्या कमी खाणे यांचाही संबंध दिसून आला. देश दूरचे, पण कारणे आपल्याच घरातली!

वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही. म्हणून मोठ्या माणसांनी तो वेळोवेळी मोजून घ्यावा. डॉक्टरांनी दिलेली गोळी 'आता बरे वाटते' म्हणून बंद करू नये. दिवसभरात एका माणसाच्या पोटात पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका लहान चमच्याहून कमी मीठ जावे. लोणचे आणि पापड यांतील मीठही यातच मोजावे.

आपल्याकडे खर्रा घोटणारे हात गल्लोगल्ली दिसतात. तंबाखूमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. घरचे वडीलधारे कधी कधी लहान मुलांनाच खर्रा आणायला पाठवतात. अशा वेळी अदबीने 'नाही' म्हणा. यात बेअदबी नाही. त्यांच्या जिवाची काळजी आहे. अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे, हेही त्यांना सांगा.

आता पुन्हा दादींकडे वळू. तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे अडखळते. यांपैकी एक जरी खूण अचानक दिसली, तरी घड्याळ पाहा. त्रास किती वाजता सुरू झाला, ते लक्षात ठेवा. १०८ क्रमांकावर फोन करा. रुग्णाला खायला-प्यायला देऊ नका. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात लवकर न्या. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. त्या दिवशी घरात ही गोष्ट ठाऊक असलेले तुम्ही एकटेच असाल, तर गप्प राहू नका.

शब्दार्थ
पक्षाघात – लकवा, फालिज
मेंदू – दिमाग
गुठळी – घट्ट झालेल्या रक्ताचा गोळा
दगावणे – मरण पावणे
आकसणे – अरुंद होणे

स्वाध्याय
१. पक्षाघाताच्या तीन खुणा लिहा.
२. कारणे द्या : रुग्णाला खायला-प्यायला देऊ नये.
३. तुमच्या घरातील मोठ्या माणसांनी रक्तदाब शेवटचा केव्हा मोजला, ते विचारा व पाच वाक्यांत लिहा.