दूरध्वनीवरील श्रोत्याचे शिक्षण

बोलावे कसे, याचे धडे आमच्या शाळांत वक्तृत्वाच्या निमित्ताने नेहमीच दिले जातात. ऐकावे कसे, हे मात्र क्वचितच शिकविले जाते. तथापि दूरध्वनीवर दुःखितांचे बोलणे ऐकणाऱ्या स्वयंसेवकांस हे शिक्षण रीतसर घ्यावे लागते. त्याची थोडी माहिती आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढे व पालकांपुढे ठेवीत आहो.

या कार्याचा उगम मोठा लक्षात ठेवण्याजोगा आहे. ज्यांस जीव नकोसा झाला असेल त्यांनी आपणांस दूरध्वनी करावा, असे लंडनमधील सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चचे धर्मगुरू चॅड व्हारा यांनी १९५३ साली जाहीर केले. लवकरच त्यांच्या दाराशी माणसांची रीघ लागली. वाट पाहत बसलेल्यांस चहा द्यावा, चार शब्द बोलावे, एवढ्यासाठी काही साधी माणसे मदतीस आली. पुढे असे दिसून आले की, पुष्कळांचे मन या माणसांपाशीच हलके होई व धर्मगुरूंची भेट घेण्याची त्यांस गरज उरत नसे! फेब्रुवारी १९५४ मध्ये व्हारांनी ते काम स्वयंसेवकांवरच सोपविले. 'समॅरिटन्स' संस्था ती हीच. आपल्याकडे चेन्नईची 'स्नेहा' १९८६ पासून स्वयंसेवकांच्या बळावर असेच काम करीत आहे.

शिकाऊ स्वयंसेवकांपैकी एकाने दुःखिताची भूमिका घ्यावयाची, दुसऱ्याने फोन उचलावयाचा, अशी सरावाची रीत असते. समजा, नापास झालेला मुलगा म्हणतो, "आता घरी तोंड कसे दाखवू?" नवखा श्रोता तत्काळ उत्तरतो, "त्यात काय एवढे? पुरवणी परीक्षा आहेच की!" बोलणे खरे आहे, परंतु मुलाचे तोंड तेथेच बंद होते. तयार श्रोता विचारतो, "घरी गेल्यावर काय होईल असे वाटते?" आणि थांबतो. हे थांबणे सर्वांत कठीण. पलीकडून शब्द येत नाही, घड्याळाची टिकटिक ऐकू येते, तरी मध्ये बोलावयाचे नाही.

दुसरा धडा याहून धैर्याचा. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो काय, हे स्पष्ट विचारावयास शिकवितात. विचारल्याने तो विचार मनात शिरेल, ही वडीलधाऱ्यांची भीती निराधार ठरली आहे. उलट, पुष्कळांस विचारल्याने सुटल्यासारखे वाटते. ऐकलेले गुप्त ठेवणे, वैद्याची गरज कोठे लागते ते ओळखणे, व स्वतःच्या मनावर आलेला भार अनुभवी सहकाऱ्यापाशी उतरविणे, हेही शिक्षणात येते.

आमच्या नागपूर विभागीय मंडळाच्या कक्षेत वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली येथील मुलेही येतात. परीक्षेच्या दिवसांत त्यांच्यासाठी समुपदेशकांचे क्रमांक जाहीर होत असतात. "अभ्यासात मन लागून नाही राहिलं," असे एखादा म्हणाला, तर श्रोत्याने त्याच बोलीत त्यास जवळ करावे. आमच्यासारखे ग्रंथी मराठी बोलणारे तेथे बहुधा नापासच व्हावयाचे!

ऑक्टोबर २०२२ पासून भारत सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य चालते. तेथे प्रशिक्षित समुपदेशक मराठीतही बोलतात. विद्यार्थ्यांनी हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. मुलाचे काय करावे हे न सुचणाऱ्या पालकांसही तो लावता येतो.