परमेश्वराची कृपा : गुण की स्वरूप?

परमेश्वर निर्गुण-निराकार आहे असे म्हणावयाचे आणि त्यालाच दयाळू, मायाळू, सर्वज्ञ म्हणून आळवावयाचे, यात विरोध नाही काय, असा प्रश्न अभ्यासू वासनिक पुष्कळदा विचारतात. प्रश्न रास्त आहे. केवळ श्रद्धेची आज्ञा देऊन तो मिटविणे योग्य नव्हे.

न्यायमतात गुण हा द्रव्याहून वेगळा पदार्थ असून तो द्रव्यात समवायसंबंधाने राहतो. अद्वैतमतात ईश्वराचे गुण उपाधीमुळे भासतात. उपाधी सरली की गुणही सरले. रामानुजाचार्यांनी 'निर्गुण' म्हणजे हेय गुणांनी रहित असा अर्थ केला व कल्याणगुण सत्य मानले. स्वमत या तिसऱ्या मताजवळचे वाटते, परंतु ते तसे नाही. त्या मतात जीव व जगत् ईश्वराचे शरीर ठरतात. येथे जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चारही पदार्थ परस्परांहून सर्वथा भिन्न आहेत, आणि या प्रश्नाचे उत्तर त्या भेदातच आहे. पंचभूते व त्रिगुण हे प्रपंचाचे घटक होत. परमेश्वर प्रपंचाहून भिन्न, म्हणून सत्त्व, रज, तम यांचा त्याला स्पर्श नाही. निर्गुण शब्दाने एवढाच निषेध होतो. कृपा, ज्ञान, आनंद यांचा त्रिगुणांत समावेशच नसल्याने त्यांचा निषेध होण्याचे कारण उरत नाही.

आता कृपा स्वरूपभूत न मानता आगंतुक मानली, तर ती आली कोठून? देवतेपासून म्हणावे, तर देवता नित्यबद्ध. बद्धाकडून लाभलेल्या वस्तूने बद्ध जीव सुटणार कसा? कृपा परमेश्वराची स्वतःची असेल तरच जीवोद्धार संभवतो.

तथापि स्वरूपात जे आहे ते सदैव प्रकट दिसलेच पाहिजे, असा नियम नाही. ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंची चर्या पाहून कित्येक लोक त्यांना वेडे समजत. त्याच गावी त्यांना मायबाप मानणारेही होते. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या चरित्रात हे दोन्ही आढळते. अप्रकट ते अविद्यमान, असे समजणाऱ्यांनी समोरचा अवतार ओळखला नाही. दिवा झाकला म्हणून विझला, असे कोणी म्हणत नाही. परमेश्वराविषयी मात्र विद्वानही तसे म्हणून जातात.

असन्निधानातील साधकाला हा विचार विशेष जवळचा आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांचे स्मरण हाच त्याचा नित्य आधार. लीळेत प्रकटलेली कृपा केवळ उपाधीचा भास असती, तर स्मरण करणाऱ्याच्या हाती भासाची आठवण तेवढी राहिली असती. ती परमेश्वराची स्वरूपभूत कृपा आहे. म्हणून आज लीळा आठविणाऱ्याचा संबंध साक्षात् परमेश्वराशीच येतो.