दर गड्यामागे रुपये

धावण्याच्या शर्यतीत 'दर फेरीमागे इतके रुपये' ही देणगीची पद्धत चालून जाते. जो धावतो त्याच्याच फेऱ्या मोजायच्या, भांडण नाही. खो-खोत तीच पद्धत आणली की काय होतं, ते मी पंच म्हणून मैदानात उभं राहून पाहिलं आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात महापूर आला. तिकडच्या कितीतरी मुलांची दप्तरं-पुस्तकं पाण्यात गेली. त्यांच्या मदतीसाठी पुण्यातल्या एका शाळेनं दिवाळीनंतर मुलींचे खो-खो सामने ठेवले. हेतूला नावं ठेवायला जागाच नव्हती. प्रत्येक खेळाडूच्या हातात छापील तक्ता दिला होता: देणगीदाराचं नाव, आणि पुढे 'दर गड्यामागे रुपये'. मुलींनी मामा, काका, सोसायटीतले शेजारी, सगळ्यांना गाठलं.

खो-खोत एकदा दिशा घेतली की खांब गाठल्याशिवाय मागे फिरता येत नाही. म्हणून चांगली आक्रमक स्वतः फार धावत नाही. पळणारी हुलकावणी देऊन मागे सटकली की ती लगेच पाटीवरच्या जोडीदारणीला खो देते. चार-पाच खो मिळून एक गडी बाद होतो, गुणपत्रकात मात्र नाव लागतं शेवटच्या हाताचं. त्या दिवशी एक चुणचुणीत मुलगी, एरवी फार सुरेख खो देणारी, एकटीच खांबापर्यंत पळत सुटत होती. पाटीवरच्या मुली 'खो दे, खो दे!' म्हणून ओरडत होत्या. तिच्या तक्त्यावर आजोबांनी घसघशीत आकडा लिहिला होता, हे मला नंतर कळलं. त्याच संघात सगळ्यांत जास्त खो देणाऱ्या मुलीच्या नावापुढे शून्य. संध्याकाळी माइकवरून कुणी किती जमवले ते वाचून दाखवलं. ज्यांच्या घरी मोठी रक्कम लिहिणारं कुणी नव्हतं, त्या मुली मान खाली घालून बसल्या. पूरग्रस्तांना पैसे मिळाले, पण संघ फुटला.

असे सामने ठेवणाऱ्यांना माझं सांगणं आहे की देणगी खेळाडूच्या नावावर बांधूच नका. सामन्यामागे ठोक रक्कम घ्या. गुणांची गंमत हवीच असेल, तर दोन्ही संघांचे गुण एकत्र मोजा, म्हणजे समोरचा संघ चांगला खेळला तरी निधी वाढतो आणि मुलं त्यांच्यासाठीही टाळ्या वाजवतात. देणगीदारांची यादी जाहीर वाचू नका. मुलांना अनोळखी दारांवर पाठवू नका, रोख रक्कम तर त्यांच्या हातात नकोच. ते काम मोठ्यांचं.

हिशेबाचंही थोडं. नोंदणीकृत न्यास नसलेल्या मंडळानं महाराष्ट्रात अशा कामासाठी वर्गणी गोळा करायची, तर धर्मादाय कार्यालयाकडून कलम ४१ क खालची परवानगी काढावी लागते, गणेशोत्सव मंडळं दरवर्षी काढतात तीच. त्यापेक्षा देणगीदारांनी धनादेश थेट मदत करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेच्या नावानं द्यावेत, हे सोपं. ज्यांना ८०जीची वजावट हवी आहे, त्यांनी २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देऊ नये. त्यावर ती मिळत नाही. आणि खर्च? खो-खोला चुना, दोन खांब आणि एक शिट्टी पुरते. मांडव, रंगीत टी-शर्ट, हातभर उंचीचे करंडक यांतच निम्मी वर्गणी जिरते, हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिलं आहे. (पाहुण्यांच्या शाली-श्रीफळांबद्दल न बोललेलं बरं.) जमाखर्चाचा कागद आठवड्याच्या आत शाळेच्या फलकावर लागला पाहिजे.

तुमच्याकडे एखादी मुलगी असा तक्ता घेऊन आली, तर तिला रिकाम्या हातानं पाठवू नका. फक्त 'दर गड्यामागे' हे शब्द खोडा आणि तिथे 'संपूर्ण संघासाठी' असं लिहून ठोक रक्कम घाला.