सहावीची पालकसभा आणि रोवणीचे दिवस

प्रश्न : मुलगी पाचवी पास होऊन शेजारच्या गावी सहावीत गेली. शाळेनं पालकसभेला बोलावलंय. आम्ही धान पिकवणारी माणसं, तिथं विचारायचं तरी काय? – एक पालक, लाखांदूर तालुका

उत्तर : आतापर्यंत बहुतेक विषय एकाच गुरुजींकडे होते. सहावीपासून गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्रांना वेगवेगळे शिक्षक असावेत, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. तेव्हा एकाच मॅडमना ‘पोरगी कशी आहे?’ विचारून भागणार नाही. वर्षाचे किमान दिवसही 200 वरून 220 होतात.

खरी अडचण इथंच आहे. विदर्भात शाळा उघडते जूनअखेरीस आणि जुलैत रोवणी लागते. आई बांधीत, म्हणून धाकट्याला सांभाळायला ताई घरी! आठवडाभर बुडालं की पूर्णांक संख्या निसटतात, मग पुढचं गणित डोक्यावरून जातं. (मुलगा सहसा घरी राहत नाही, हेही खरं.) सभेत हे न लाजता सांगा आणि बुडालेला भाग कधी भरून घेणार, ते विचारा.

गृहपाठ तुम्हाला येत नसला तरी चालेल. रात्री वही उघडा, तारीख बघा, लाल शाईची खूण दिसली की म्हणा, ‘हे मला समजावून सांग.’

हे आतापासूनच करा, कारण आठवीच्या वार्षिक परीक्षेत आणि फेरपरीक्षेतही नापास झाल्यास आता त्याच वर्गात बसावं लागतं. शाळा व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक असतात. या समितीची निवड कधी आहे, तेही विचारून या.