पाहुण्यांस गाव दाखविताना

मुलांनो, घरी पाहुणे आले म्हणजे त्यांचे आगतस्वागत कसे करावे, हे आपल्या वडील माणसांस चांगले ठाऊक असते. हातपाय धुण्यास पाणी, बसावयास आसन आणि आपल्या खानदेशात वांग्याचे भरीत व कळण्याची भाकरी असा बेत ठरलेलाच. परंतु जेवणे आटोपली, पाहुण्यांनी घटकाभर विसावा घेतला, की एक प्रश्न हटकून निघतो : “तुमच्या गावात पाहण्यासारखे काय आहे?”

हा प्रश्न पुष्कळदा मुलांनाच विचारला जातो, आणि बहुतेक मुले मान खाली घालून उत्तर देतात, “काही विशेष नाही.” हे उत्तर विनयाचे वाटते, पण ते खरे नव्हे. जेथे माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहिली, राबली, भांडली आणि पुन्हा एक झाली, तेथे पाहण्यासारखे काही नाही, असे कसे होईल? खरी गोष्ट अशी की, ते आपणच कधी पाहिलेले नसते. म्हणून पाहुण्यांस गाव दाखविणे ही आपलीही एक परीक्षा असते. आज आपण जळगाव जिल्ह्यातील अमळनेर या गावाचे उदाहरण घेऊन हा विषय समजून घेऊ.

गाव दाखवायचे ते पायी दाखवावे. वाहनातून जाणाऱ्यास दुकानांच्या पाट्या दिसतात. पायी जाणाऱ्यास माणसे दिसतात. हवे तेथे थांबता येते, एखाद्या ओट्यावर टेकता येते, वाटेत भेटलेल्या आजोबांस दोन गोष्टी विचारता येतात. मात्र चालण्याचा वेग आपल्या पायांवरून ठरवू नये. पाहुण्यांत जे सर्वांत वृद्ध किंवा सर्वांत लहान असेल, त्याच्या पावलांनी सर्वांनी चालावे. खानदेशचे ऊन कडक. म्हणून सकाळी लवकर निघावे आणि पाण्याचे भांडे बरोबर घ्यावे.

प्रथम पाहुण्यांस बोरी नदीवर न्यावे. बोरी ही तापी नदीस मिळणारी एक नदी. पाहुणे जर उन्हाळ्यात आले असतील, तर पात्र पाहून ते विचारतील, “नदी म्हणता, पण पाणी कोठे आहे?” अशा वेळी ओशाळून विषय बदलू नये. बोरी ही पावसाळ्यात वाहणारी नदी आहे, उन्हाळ्यात तिचे पात्र कोरडे पडते, असे सरळ सांगावे. मग त्याच कोरड्या पात्राची दुसरी बाजू दाखवावी. येथेच संत सखाराम महाराजांची समाधी आहे. वैशाख महिन्यात त्यांची यात्रा भरते. शुद्ध एकादशीस रथ निघतो, पौर्णिमेस पालखी निघते. त्या दिवसांत नदीच्या वाळवंटात दुकाने लागतात, पाळणे उभे राहतात आणि खेड्यापाड्यांतून आलेल्या माणसांनी पात्र फुलून जाते. ज्या ऋतूत नदी आटते, त्याच ऋतूत तिच्यात माणसांचा पूर लोटतो!

सखाराम महाराजांनी समाधी घेतली ती १८१८ साली. तुम्ही इतिहासात शिकला आहात की, पेशवाईचा शेवटही याच वर्षी झाला. राज्य गेले, नवे राज्य आले; पण महाराजांच्या परंपरेने चालणारी पंढरीची पायी वारी पुढे चालू राहिली. पाहुण्यांस केवळ ‘ही समाधी’ असे सांगून पुढे गेल्यास त्यांना दगडी बांधकाम दिसेल. ही एवढी गोष्ट सांगितली, तर दोनशे वर्षे दिसतील.

तेथून जुन्या गावात यावे. एके काळी गावाभोवती तट होता, याची साक्ष देणारा दगडी दरवाजा पाहुण्यांस दाखवावा. जुन्या गावातील गल्ल्यांतून चालताना पाहुण्यांच्या कानांवर अहिराणी बोली पडेल. ‘मला’ऐवजी ‘माले’ आणि ‘तुला’ऐवजी ‘तुले’ असे शब्द ऐकून त्यांची मुले कदाचित हसतील. रागावू नये. ही आमची घरची भाषा आहे, असे अभिमानाने सांगावे आणि दोन शब्द त्यांनाही शिकवावे. अहिराणी बोलणाऱ्या या गावाने मराठी साहित्याचेही दोनदा आतिथ्य केले आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला प्रथम १९५२ साली भरले. त्याचे अध्यक्ष होते भाषापंडित कृ. पां. कुलकर्णी. त्यानंतर २०२४ साली सत्त्याण्णवावे संमेलन पुन्हा येथेच भरले. ज्या गावी बोली जिवंत आहे, त्याच गावी ग्रंथांचाही सत्कार होतो. या दोहोंत विरोध नाही.

आता तत्त्वज्ञान मंदिराकडे जाऊ. नाव ऐकून पाहुणे विचारतील, “हे कोणत्या देवाचे मंदिर?” येथे मूर्ती नाही, येथे विचाराची उपासना होत आली. अमळनेरचे दानशूर उद्योगपती श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ साली ही संस्था स्थापन केली. मनुष्य कोण आहे, जग कशाचे बनले आहे, सत्य म्हणजे काय, अशा प्रश्नांचा अभ्यास करण्यासाठी दूरदूरचे विद्वान या लहानशा गावी येऊन राहिले. बंगालमधील थोर तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य हेही काही काळ या संस्थेत होते.

याच मंदिरात तत्त्वज्ञानाचा अभ्यास करण्यासाठी कोकणातील एक तरुण आला. त्याचे नाव पांडुरंग सदाशिव साने. पुढे १९२४ साली तो येथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाला आणि मुलांचा ‘साने गुरुजी’ झाला. छात्रालयातील मुले आजारी पडली की गुरुजी त्यांची शुश्रूषा करीत. मुलांनी पसारा केलेली खोली न रागावता स्वतः झाडून ठेवीत. मुलांसाठी ते रोज स्वतःच्या हाताने एक दैनिक लिहून काढीत. त्या दैनिकाची ना छपाई होती ना विक्री. त्याला फक्त वाचक होते. १९३० साली स्वातंत्र्यलढ्याची हाक आली, तेव्हा गुरुजींनी नोकरी सोडली व सत्याग्रहात उडी घेतली. १९३२ साली जवळच्याच धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती गुरुजींनी लिहून घेतली. ‘श्यामची आई’ हे पुस्तक त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले.

येथे पाहुण्यांस क्षणभर नदीकाठची आठवण करून द्यावी. अमळनेरची वारी ज्या पंढरपुरास जाते, त्याच पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजन बांधवांसाठी खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ साली उपोषण केले आणि मंदिराची दारे उघडली. एका वाटेने भक्ती गेली, त्याच वाटेने न्यायही गेला. समाधी आणि शाळा या दोन वास्तू वेगवेगळ्या खऱ्या; पण त्यांच्यामधील वाट ज्याला दाखविता आली, त्याने गाव दाखविले असे म्हणावे.

विद्येबरोबर श्रमाचीही स्थाने दाखवावी. प्रतापशेठजींच्या कापडगिरणीच्या भोंग्यावर एके काळी या गावाचा दिवस सुरू होई. खानदेशच्या काळ्या जमिनीत पिकलेल्या कापसाचे येथे सूत होई, सुताचे कापड होई. तो भोंगा आता थांबला आहे. ही गोष्ट पाहुण्यांपासून लपवू नये. ज्या घरांची चूल त्या गिरणीवर पेटत होती, ती घरे आजही गावात आहेत. गिरणी बंद पडणे म्हणजे काय, हे त्या घरांतील वडील माणसे तुम्हांस सांगतील. त्यांचे बोलणे मन लावून ऐका.

तसेच १९४५ साली येथे वनस्पती तूप तयार करणारी एक कंपनी निघाली. महंमद हाशम प्रेमजी हे तिचे संस्थापक. खानदेशात भुईमूग पिकतो. त्यापासून तेल, तेलापासून वनस्पती तूप, आणि उरलेल्या पदार्थापासून कपडे धुण्याचा साबण, असा तो उद्योग होता. काही वाया जाऊ द्यायचे नाही, ही शेतकऱ्याच्या घरची रीत कारखान्यातही चालली. १९६६ साली संस्थापकांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे अवघे एकवीस वर्षांचे पुत्र अझीम यांनी कारभार हाती घेतला. तीच कंपनी पुढे ‘विप्रो’ या नावाने संगणकाच्या क्षेत्रात जगभर गेली. एक उद्योग थांबला, दुसरा जगभर पसरला. गाव हे असे असते. त्यातील अर्धेच सांगणारा यजमान खरा नव्हे.

मुलांनो, यावरून गाव दाखविण्याचे काही नियम तुमच्या ध्यानी आले असतील. पहिला नियम असा की, जे आपणांस निश्चित ठाऊक आहे तेच सांगावे. माहिती नसेल तेथे मनाची गोष्ट रचू नये. ‘हे मला ठाऊक नाही, आपण कोणास तरी विचारू’, असे म्हणण्यात कमीपणा नाही. दुसरा नियम, आपले तेवढे थोर आणि दुसऱ्याचे तेवढे सामान्य, असे बोलू नये. आपण बोरी दाखविली, तर पाहुण्यांच्या गावची नदी कोणती, हेही आस्थेने विचारावे. तिसरा नियम, सगळेच एका दिवसात दाखविण्याचा हट्ट धरू नये. दहा ठिकाणे धावत पाहण्यापेक्षा चार ठिकाणी नीट थांबणे बरे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पाहुणे येण्याची वाट पाहत बसू नका. तुमचे गाव अमळनेर नसेल. कदाचित त्याचे नाव नकाशातही सापडणार नाही. तरीही तेथे एखादी नदी किंवा विहीर असेल, एखादे जुने झाड असेल, शाळा कोणी बांधली याची काही हकीकत असेल. ती जाणणारी वृद्ध माणसे आज आहेत. त्यांना आजच विचारा. कारण जी हकीकत कोणी विचारली नाही, ती सांगणाऱ्याबरोबरच नाहीशी होते. मग उद्या कोणी पाहुणा विचारील, “तुमच्या गावात पाहण्यासारखे काय आहे?” तेव्हा मान वर करून म्हणा, “चला, चालत जाऊ. वाटेत सांगतो.”

अभ्यास

१. गाव पायी का दाखवावे, असे लेखकास वाटते?
२. ‘ज्या ऋतूत नदी आटते, त्याच ऋतूत तिच्यात माणसांचा पूर लोटतो’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. तत्त्वज्ञान मंदिराचे वेगळेपण कशात आहे?
४. बंद पडलेल्या गिरणीची गोष्ट पाहुण्यांपासून लपवू नये, असे लेखक का म्हणतो? तुमचे मत लिहा.
५. तुमच्या गावातील एका वृद्ध व्यक्तीस भेटून गावाची एक हकीकत विचारा व ती दहा ओळींत लिहून काढा.