कात्रज ते सिंहगड: चालायला फुकट, परतायला पैसे

तारीख ठरली, व्हॉट्सॲपवर ग्रुप झाला, पाच जणांनी अंगठा दाखवला. आता बूट कुठले घ्यायचे हे नंतर ठरवा. आधी एकच विचारा: परत कसे येणार?

कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सिंहगडापर्यंतची डोंगररांग चालायला बोगद्यापाशी तिकीटखिडकी नाही. खर्च आहे तो दोन टोकांचा. तुम्ही सुरू करता जुन्या कात्रज घाटात आणि बाहेर पडता सिंहगडाच्या घाटरस्त्यावर. गाडी इकडे, तुम्ही तिकडे. हा घोळ आदल्या दिवशी सोडवलात तर जेवणासकट माणशी पाचशेच्या आसपास दिवस निघतो. नाही सोडवलात तर तेवढेच पैसे रिक्षा आणि जीपमध्ये जातात, जेवण वेगळं.

अंतर चौदा ते सोळा किलोमीटर धरा. टेकड्या तेरा म्हणतात, कोणी सोळा मोजतं. उंचवटा कुठला आणि टेकडी कुठली यावर वाद घालायला वाटेत भरपूर वेळ मिळतो. सवयीच्या माणसाला सहा-सात तास, पहिल्यांदा येणाऱ्याला आठ-नऊ. ग्रुपची वेळ सगळ्यांत हळू चालणाऱ्यावरून ठरवा.

कधी जायचं? ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी. मार्चनंतर सावली नावालाही नाही. पावसाळ्यात धुक्यात वाट सापडत नाही, उताराची माती निसरडी होते. शिवाय जिल्हाधिकारी पावसाळी पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश काढतात. त्यात तुमचा भाग येतो का, हे निघण्याच्या आदल्या दिवशी बातम्यांत बघा. आदेश मोडल्यास गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. हा ट्रेक पौर्णिमेच्या रात्री करायची जुनी हौस आहे. पण रात्री या डोंगरांत ट्रेकर्सना अडवून लुटल्याच्या बातम्या वेळोवेळी आल्या आहेत. दिवसा जा. चांदणं गच्चीवरूनही दिसतं.

सकाळी सहाला बोगद्यापाशी असलात तर उन्हाच्या आत निम्म्या टेकड्या मागे पडतात. त्यामुळे मेट्रो विसरा: पहिली गाडीच सहाला सुटते, आणि स्वारगेटला पोचल्यावरही पुढे कात्रज उरतंच. स्वारगेट ते कात्रज पीएमपीच्या बसला २० रुपये. कात्रज चौकातून जुना बोगदा पाच-सहा किलोमीटर घाट चढून. जुन्या घाटाने जाणारी बस मिळाली तर कंडक्टरला 'वाघजाईच्या देवळापाशी' म्हणून सांगा, नाहीतर रिक्षा.

रिक्षाचं गणित नीट समजून घ्या. पुण्यात मीटरचा दर पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७. म्हणजे चौकातून बोगद्यापर्यंत मीटरने ८५ ते १०० रुपये होतात. प्रत्यक्षात 'वरून भाडं मिळत नाही' म्हणून दुप्पट मागतात. घाटातून रिकामं परतावं लागतं हे खरंच आहे, त्यामुळे दीडपट कबूल करा, पण बसण्याआधी ठरवा. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच शहरात पंचवीस टक्के जादा आकार लागतो; पाच वाजून दहा मिनिटांनी बसलात तर तो देऊ नका. आणि रिक्षात माणसं तीन. चार जण निघालात तर दोन रिक्षा. म्हणून ग्रुप तीनचा किंवा सहाचा करा, किंवा चौघांनी ॲपवरची टॅक्सी घ्या आणि ड्रॉप थेट बोगद्याचा टाका. कात्रज चौकाचा टाकून 'जरा पुढे सोडता का' म्हटलंत की भाव चालक ठरवतो.

दुचाक्या बोगद्यापाशी लावायचा मोह टाळा. संध्याकाळी सिंहगड पायथ्यावरून स्वारगेट, तिथून कात्रज, कात्रजहून पुन्हा रिक्षाने बोगदा, असा उलटा प्रवास दमलेल्या पायांनी करावा लागतो. हेल्मेट दिवसभर पाठीवर, ते वेगळंच.

पाणी. या रांगेवर पिण्याच्या पाण्याचा भरवसा ठेवू नका. माणशी तीन लिटर, मार्च असेल तर चार. घरून भरून न्या. विकत घेतलंत तर लिटरच्या चार बाटल्यांचे ८० रुपये, म्हणजे बसच्या तिकिटापेक्षा जास्त. ओआरएसच्या दोन पुड्या, संत्री, गूळ-शेंगदाणे, टोपी, शिट्टी, बॅटरी. बूट मात्र खाचांचे हवेत. इथला त्रास चढाचा नाही, उताराचा आहे: सुट्या मुरमाचा घसारा पायाखालून सरकतो आणि माणूस बसून उतरतो. गुळगुळीत तळव्याच्या बुटांत पँट फाटते. नव्या पँटचा खर्च हिशेबात धरा.

वाघजाईच्या देवळाजवळून वाट वर चढते. पुढे नियम एकच: धार सोडायची नाही. समोर चढ दिसला की एखादा मित्र 'टेकडीला वळसा घालू, वेळ वाचेल' म्हणतो. त्याचं ऐकू नका. आडव्या वाटा बऱ्याचदा गुरांच्या असतात. झाडीत नाहीतर कड्यावर संपतात, आणि तासभर घालवून पुन्हा धारेवरच यावं लागतं. सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा समोर ठेवा. कोणाला पुढे जाववत नसेल तर दक्षिणेला शिवापूर-कोंढणपूर रस्त्याच्या अंगाला गावं आहेत. सोबत एक जण देऊन खिंडीतून ठळक वाट बघून उतरवा. दुपारी दोनपर्यंत निम्म्याहून जास्त रांग बाकी असेल तर सगळ्यांनीच उतरा. अडचणीत ११२, रुग्णवाहिकेला १०८.

शेवटची टेकडी उतरलात की कोंढणपूर फाट्याच्या आसपास डांबरी लागते. इथे पाकीट उघडतं.

गडावर न जाता परतायचं असेल तर इथूनच खाली जाणारी वडाप जीप धरा. माणशी पन्नास ते शंभर. रविवारी पटकन भरते, मंगळवारी भरता भरत नाही. मग चालक 'स्पेशल करा' म्हणतो, म्हणजे दहा जणांचं भाडं तुम्ही पाच जण भरणार. घाई नसेल तर नाही म्हणा. दहा मिनिटांत भाव उतरतो. गडावर गेलात तर खाली यायला आतकरवाडीची पायवाट आहे, तासा-सव्वा तासाची आणि फुकट. गुडघे कुरकुरत असतील तर जीपचे शंभर रुपये डॉक्टरपेक्षा स्वस्त.

घरून कोणी गाडी घेऊन न्यायला येणार असेल तर त्याला आधीच सांगा की वनखात्याच्या नाक्यावर उपद्रव शुल्क भरावं लागतं. नाके दोन्ही बाजूंना आहेत, गोळेवाडीकडून आणि कोंढणपूरकडून. दुचाकीला ५० आणि चारचाकीला १०० असा दर राहिला आहे. पावती घ्या आणि दिवसभर सांभाळा. संध्याकाळनंतर गाड्या वर सोडत नाहीत. म्हणजे तुम्ही साडेसहाला डोंगरातून बाहेर पडलात तर गाडी खाली आणि तुम्ही घाटात.

पायथ्यावरून स्वारगेटला ५० क्रमांकाची बस, तिकीट पन्नासच्या आसपास. दिवसाचा पास काढू नका. ७० रुपयांचा पास दोन्ही महापालिकांच्या हद्दीपुरता, पायथा हद्दीबाहेर. १५०चा चालतो, पण तुमची दोन तिकिटं मिळूनच ७० होतात.

गडावरचं जेवण: पिठलं, भाकरी, वांग्याचं भरीत, मडक्यातलं दही. ताटाचे दीडशे-दोनशे. बसण्याआधी तीन गोष्टी विचारा: ताटात भाकऱ्या किती, जादा भाकरीचे किती, दही धरून की वेगळं. भजीची बशी 'आणू का?' म्हणून न मागता येते. तिचे पैसे लागतात. सुटे पैसे जवळ ठेवा, गडावर यूपीआय रेंजच्या मर्जीने चालतं.

स्वतः आखायचा कंटाळा असेल तर आयोजक आहेत. साधारण आठशे ते बाराशे रुपये घेतात. तेवढ्यात परतीची गाडी मिळत असेल तर सौदा वाईट नाही. 'कात्रजला भेटू, सिंहगडावर निरोप' असा बेत असेल तर तुम्ही फक्त वाट दाखवायचे पैसे देताय. राज्याच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायला हवी. प्रमाणपत्राचा फोटो मागा. जीएसटी लावला असेल तर बिलावर क्रमांक हवा. बुकिंगच्या शेवटच्या पानावर चढणारी 'कन्व्हिनियन्स फी' मोजा, आणि रद्द केल्यास किती परत मिळतात हे वाचल्याशिवाय पैसे पाठवू नका. 'ट्रेक पुढे ढकलला तर पैसे पुढच्या ट्रेकला वळते' याचा अर्थ परत मिळणार नाहीत.

कागदपत्रांत ओळखपत्राचा फोटो फोनमध्ये आणि रक्तगट, घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी खिशात, एवढं पुरे. फोनची बॅटरी टेकड्यांचे फोटो काढून संपते, चिठ्ठी संपत नाही.

आणि टीटीएमएम बोगद्यापाशीच ठरवा. माणशी तीनशे एकाकडे आधी जमा करा, रिक्षा-जीप-बस त्यातून, जेवण ज्याचं त्याने. नाहीतर संध्याकाळी स्वारगेटला उतरल्यावर जो तो आपली बस बघतो, आणि जीपचे पैसे दिलेला मित्र पुढचे चार दिवस ग्रुपवर क्यूआर कोड टाकत बसतो.